पंचमीचा झोका आणि मामांचं डोकं

झोक्याची गाठ मी बांधतो, असं म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मादन हिप्परगा ही माझी सासरवाडी, लग्नानंतरची पहिली पंचमी, आणि मी नवा जावई. म्हणजे माझं काम एवढंच की बाजेवर बसायचं, पुढ्यात येईल ते खायचं आणि कुणी काही विचारलं की 'हं' म्हणायचं. इतकं सोपं काम देवाने मला पुन्हा कधी दिलं नाही. पण सकाळपासून बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या. तेवढ्यात मामा, म्हणजे माझे सासरे माणिकराव, खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन दारापुढच्या कडुलिंबाकडे निघालेले दिसले. मी उठलो आणि तो दोर जवळजवळ हिसकावूनच घेतला. "द्या मामा इकडं. आमचं गोदामात दिवसभर हेच काम असतंय." ही शुद्ध थाप होती. बिदरजवळ कोळारच्या कारखान्यांच्या वस्तीत एका गोदामात मी कारकून होतो. ट्रकवर माल चढला की दोर आवळून गाठी मारायचे ते हमाल. मी खाली सावलीत उभा राहून बघायचो. दोन वर्षं बघितलं होतं, आणि नुसतं बघून माणसाला जेवढं येतं तेवढं मला येत होतं.

मामांचं घर सगळं शहाबादी फरशीचं. भिंतीला फरशी, छताला फरशी, लिंबाखाली बसायचा कट्टाही फरशीचाच. भर दुपारीसुद्धा आत गेलं की पायाला गार लागायचं. त्या घरात तीन भाषा सुखाने नांदत होत्या. मामी शेजारणीशी कन्नडात बोलायच्या, घरच्यांशी मराठीत, आणि म्हशीने लाथ मारली की तिला अस्सल उर्दूत शिव्या द्यायच्या. मराठीत शिव्या दिल्या तर नव्या जावयाला कळतील, एवढाच त्यात विचार असावा. म्हशीला सगळ्या भाषा कळत होत्या आणि ती एकीलाही जुमानत नव्हती. पंचमीच्या सकाळी चुलीवरच्या खापरात ज्वारीच्या लाह्या तडतडत होत्या, एका ताटात तंबिटाचे लाडू रचलेले, दुसऱ्या भांड्यात पुरणाची दिंडं वाफवायला ठेवलेली. तवा मात्र भिंतीला टेकवून पालथा. त्या दिवशी तिकडे तवा चुलीवर चढत नाही आणि विळी खाली उतरत नाही. चिरायचं नाही, कापायचं नाही, नागोबाला लागतं. माझी बायको महानंदा आणि तिच्या माहेरपणाला आलेल्या मैत्रिणी नव्या बांगड्या भरून, हातावर मेंदी घेऊन, झोका कधी टांगतो म्हणून दारातून सारख्या डोकावत होत्या. असा जाणकार प्रेक्षकवर्ग समोर असल्यावर माझ्यासारख्याच्या हातून शहाणपणाचं काही होणं अवघड होतं.

दोर नवा कोरा, निळ्या नायलॉनचा, मेव्हण्याने म्हणजे बालाजीने आळंदहून आणलेला. तो हवा त्याहून वावभर जास्त भरला. मी विळा मागितला तर आतून मामींचा आवाज आला, "पाव्हणं! आज कापायचं न्हाई ओ!" मग मला हमालांची एक गाठ आठवली. दोर जास्त झाला की तो दुमडून घ्यायचा, त्यातून टोक काढून आवळायचं, आणि माल पोचल्यावर एक हिसडा दिला की सगळं मोकळं. त्या गाठीचं मला सगळ्यात जास्त कौतुक होतं ते याच गोष्टीचं, की ती एका हिसड्यात सुटते. माणूस बसायच्या झोक्याला ही गोष्ट कौतुकाची नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी फांदीवर चढलो, दोन्ही बाजूंना तशीच गाठ मारली, वरून एकदा दोर ओढून बघितला आणि खाली उडी मारून हात झटकले.

बायका लाह्या-दूध घेऊन वारुळाकडे निघून गेल्या होत्या. बालाजी रानात. अंगणात मी आणि मामाच. मामा म्हणाले, "पोरी बसायच्या आदी मी बघतो एकदा. म्हाताऱ्याचं वजन पेललं तर पोरींचं पेलंल." त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी करून फळीवर टाकली आणि बसले. उघड्या डोक्याने मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. पांढरे बारीक केस, मधे टक्कल, लहान मुलासारखं दिसत होतं ते. एक झोका गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मागे जाताना वरून सर्रकन आवाज आला, आणि मामा उताणे खाली आले. उजव्या बाजूने डोकं कट्ट्याच्या फरशीवर आपटलं. तो आवाज काही मोठा नव्हता. कुणीतरी शेजारच्या खोलीत दार ओढून घ्यावं, तेवढाच.

ते डोळे मिटून पडले होते आणि मी 'मामा, मामा' एवढंच म्हणत होतो. उचलायचं, पाणी मारायचं, कुणाला हाक मारायची, काही सुचत नव्हतं. मग त्यांनी डोळे उघडले, वरच्या फांदीकडे बघितलं, आणि चक्क हसले. "पाव्हणं, गोदामातला माल कसा काय पोचायलाय ओ जाग्यावर?" उठून बसले. डोक्याला हात लावून बघितला. रक्त नाही, नुसतं टेंगूळ. मी म्हणालो, "मामींना बोलावतो." तेव्हा मात्र त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "कुणाला बोलवायचं न्हाई. नव्या जावायानं पंचमीदिशी सासऱ्याला झोक्यावरून पाडलं, ह्ये गावात गेलं की हितं म्हातारी व्हईस्तोवर माज्या पोरीला ऐकावं लागंल. ह्यो लिंब, तुमी आन मी. चौथ्याला कळायचं न्हाई. माजी आण हाय तुमाला. सांगितलात तर माजं मेल्यालं तोंड बघाल."

त्यांनी रुमाल पुन्हा बांधला, टेंगूळ त्याखाली झाकलं गेलं. मग स्वतः फांदीवर चढून, जास्तीचा दोर तसाच लोंबता ठेवून, त्यांनी जुन्या पद्धतीची गाठ मारली. दुपारभर त्या झोक्यावर पोरी हिंदोळत होत्या. महानंदा सगळ्यांत उंच गेली, पार पानांना पाय लागेपर्यंत, आणि मी कट्ट्यावर बसून तंबिटाचा एकच लाडू तासभर चघळत होतो. "असं तोंड करून कामून बसलाव?" तिने खाली उतरून विचारलं. मी म्हणालो, "काय न्हाई." मामा पंगतीत माझ्या शेजारी बसले, चार दिंडं तुपात बुडवून खाल्ली, वर वाटीभर दूध प्याले. ते बघून माझ्या मनाने निकाल लावून टाकला : संपलं. ज्याला भूक लागते त्याला काही झालेलं नसतं.

आज आमच्या घरी कुणाला कुठेही काही लागलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "डोक्याला लागलं का?" मुलं वैतागतात. परवा धाकटी म्हणाली, "बाबा, सायकलची साखळी बोटात गेलीय. बोटात! डोकं वर असतं." मी तरीही तिचं डोकं चाचपून घेतलं. हसायला आलंच तर हसा.

त्या पंचमीनंतर सहाएक आठवडे मी बिदरला खोलीवर सुखात होतो, म्हणजे सुखात असल्यासारखा होतो. मधे एकदा बालाजी कामासाठी आला, आमच्याकडे जेवला, आणि जेवताना घरच्या गमती सांगायला लागला. आप्पा, म्हणजे मामा, आजकाल लई विसरायलेत म्हणाला. बैलाला मरून चार वर्षं झालेल्या बैलाच्या नावाने हाक मारतात. डोस्कं जड हाय म्हणून सारखं निजून असतात, मामी सुंठ उगाळून लावतात. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे परवा देवळातून येताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल वाटेतच राहिली आणि आप्पा एका चपलेवर घरापर्यंत चालत आले, त्यांना पत्ताच नाही. महानंदा हसली. मीही हसलो. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो, हे मला तेव्हाच जाणवलं. वर पाणी प्यालो. भीतीचं पहिलं बी त्या दिवशी पडलं, पण मी त्याच्यावर लगेच माती लोटली. म्हातारपण, मी म्हणालो. बासष्टीचा माणूस विसरतोच की.

पित्रपंधरवड्यात, शनिवारी सकाळी, गोदामात फोन वाजला. बालाजी होता. "दाजी, आप्पाला वारं गेलंय. डावा हात चालंना. अक्काला घेऊन या." वारं जाणं म्हणजे लकवा. त्याने एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. बसमध्ये महानंदा खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि मी तिच्या शेजारी बसून मनात एकच हिशेब करत होतो : त्या दिवशी डोकं उजव्या बाजूला आपटलं होतं, आणि गेलाय तो डावा हात. म्हणजे त्याचा आणि ह्याचा संबंध नाही. हे अडाणी गणित मी हुमनाबादपासून आळंदपर्यंत घोकत गेलो. त्याने थोडा धीरही आला. अर्धवट माहितीचा माणसाला किती आधार असतो!

घरी मामा बाजेवर पडून होते. तोंडाचा डावा कोपरा किंचित ओघळलेला. महानंदाने 'आप्पा' म्हणून हाक मारली तर त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, ओळखलं, आणि पुन्हा मिटले. जसा एखादा माणूस दार उघडून बघतो आणि पाहुण्याला आत घ्यायचं विसरून लावून घेतो. ज्वारीची भाकरी डाव्या हातात दिली की गळून पडत होती, आणि पडली हे त्यांना दिसत नव्हतं. मामींनी आमचं सगळं ठरवून ठेवलेलं होतं. आळंदच्या पलीकडे एका गावात एक अज्जा, म्हणजे म्हातारे वैद्यबाबा, लकव्याचं झाडपाल्याचं औषध द्यायचे. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी. त्या औषधाचा एक कडक नियम सगळ्या मुलखाला ठाऊक होता : आधी सुई लागलेली नसावी, आणि नंतर एकवीस दिवस लागू नये. सुई टोचली की औषध चढत नाही. म्हणून डॉक्टरांना दारातसुद्धा आणलेलं नव्हतं. मामी मला म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी शिकल्यालं हाव. तुमाला काय वाटायलंय?" मी शिकलेला माणूस खाली मान घालून म्हणालो, "तुमी म्हणताव तसं करू."

मी का बोललो नाही, हे मला आजवर अनेकदा स्वतःला समजावून सांगावं लागलं आहे. आणेची भीती होती, हे खरं. तोंड उघडावं तर मामांचं मेलेलं तोंड बघावं लागेल, असं त्यांनीच सांगितलेलं. आणि ज्याची आण मोडली त्यालाच ती बाधते, हे आमच्या गावी, दुबलगुंडीत, पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या भीतीच्या पाठीशी दुसरी एक भीती उभी होती आणि ती अंगाने चांगली दांडगी होती. सगळे माझ्याकडे बघतील. मामी बघतील, बालाजी बघेल, महानंदा बघेल. मी आणेला पुढे केलं आणि स्वतः तिच्या पाठीमागे लपलो.

रविवारी सकाळी जीप केली. अज्जांच्या अंगणात वीसेक माणसं बसलेली, प्रत्येकाचा एक हात किंवा एक पाय परक्याचा असल्यासारखा. अज्जा बुटके, पांढरी दाढी, समोर पाट्यावर हिरवा रस वाटत बसलेले. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी मामांचा हात उचलून सोडून बघितला, पापणी वर करून बघितली, आणि कन्नडात विचारलं, "एकदम झालं का हळूहळू?"

"हळूहळूच जणू," मामी म्हणाल्या.

अज्जांचा हात थांबला. "पडले होते का कुठं? डोक्याला मार?"

"न्हाई अज्जा," बालाजी म्हणाला.

"नीट आठवा. महिना-दोन महिन्यांतलं सांगा. मार लागलेला असला तर माझं औषध त्याला नाही. तो रोग माझा नव्हे. मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

"न्हाई ओ, आमच्या घरात कोण पाडणार त्यांना?" मामी म्हणाल्या.

 मला वाटलं मी बोलतोय. खरंच वाटलं, पण मी नुसताच उभा होतो. मी महानंदाकडे बघितलं. माझा चेहरा पांढरा पडला असावा, कारण चारचौघांत, आई-भावासमोर, तिने कधी केलं नव्हतं ते केलं. तिने माझा हात हातात घेतला. मला धीर द्यायला. आणि अज्जांनी मान हलवून हिरवा रस मामांच्या तोंडात घातला, दोन थेंब नाकात सोडले.

जीप परतीच्या वाटेला लागली. मामांचं डोकं मामींच्या मांडीवर. आळंदच्या अलीकडे त्यांनी भडाभडा ओकलं, सगळा हिरवा रस बाहेर आला. मग ते घोरायला लागले. साधं घोरणं नव्हतं ते. खोल विहिरीतून रहाट ओढल्यासारखं, मधेच थांबायचं, आणि थांबलं की आम्ही सगळे श्वास धरायचो. महानंदा त्यांचा गाल थोपटत होती, "आप्पा, ओ आप्पा, डोळं उघडा." डोळे उघडेनात म्हणून तिने बोटांनी पापण्या वर केल्या आणि किंचाळली. "अय्यो, बघा की ओ! एक डोळा असा कामून झालाय?" मी वाकून बघितलं. डाव्या डोळ्यातली काळी बाहुली तुरीच्या दाण्याएवढीही नव्हती. उजव्या डोळ्यातली सगळा डोळा व्यापून पसरली होती.

आळंदच्या फाट्यावर ड्रायव्हरने गाडी हळू केली. "घरीच ना?"

"गुलबर्ग्याला घ्या," मी म्हणालो. तेव्हा गुलबर्गाच म्हणायचे, आता कलबुर्गी.

बालाजी मागे वळला. "दाजी, असं कसं? औषध घेतलंय. एकवीस दिस सुई लावायची न्हाई."

"लकवा न्हाई ह्यो. मामा पडल्यात. पंचमीला. मी बांधल्याला झोका सुटला, आन डोकं फरशीवर आपटलं." ही वाक्यं मी एका दमात बोललो, आणि शेवटी, बावळटासारखं, "मामांनी आण घातली हुती," एवढं जोडलं.

जीप फाट्यावर उभी. इंजिन चालू. मामींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या मामांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ह्येंनी घातल्याली आण हाय न्हवं? मग मी ह्येंची बायकू हाय. सुटली म्हणते मी. सुटली, सुटली, सुटली." आणि ड्रायव्हरवर खेकसल्या, "घे की रे गाडी गुलबर्ग्याला! माजं तोंड काय बघायलास!"

त्या चाळीसेक किलोमीटरांत मी जितका भ्यालो तितका त्यापूर्वी कधी भ्यालो नव्हतो आणि त्यानंतरही नाही. घोरणं थांबलं की मी मनात एक, दोन, तीन मोजायचो. पुन्हा सुरू झालं की मोजणं सोडून द्यायचो. एकदा नऊपर्यंत गेलो. महानंदाने माझा हात कधी सोडला ते मला कळलं नव्हतं, पण तो माझ्या मांडीवर एकटाच पडलेला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्याएवढ्याच असतील. त्यांनीही टॉर्च मारून बुबुळं बघितली आणि तोच प्रश्न विचारला, "डोक्याला मार?" आता सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्याची भीती होती ते अगदी तसंच घडलं, आणि गंमत म्हणजे त्यात काहीच नव्हतं. मी सगळं सांगितलं : किती उंचीवरून, कोणत्या बाजूला, बेशुद्ध किती वेळ, किती दिवस झाले. बाईंनी बोटांवर आठवडे मोजले आणि लगेच डोक्याचा स्कॅन करायला पाठवलं. काळ्या फिल्मवर त्यांनी आम्हाला दाखवलं. कवटीच्या आत उजव्या बाजूला, मेंदूला चिकटून, चंद्रकोरीसारखा एक पट्टा, आणि त्याने मेंदू मधल्या रेषेच्या पलीकडे ढकललेला. "मार लागला तेव्हा एखादी बारीक शीर तुटली असेल," त्या कन्नडात सांगत होत्या. "रक्त मेंदूत नाही, मेंदूच्या भोवती झिरपत राहिलंय. उतारवयात आत जागा होते, म्हणून आठवडेन् आठवडे कळत नाही. उजव्या बाजूला दाब आला की डावं अंग जातं."

म्हणजे माझं गणित नेमकं उलटं होतं.

"वाचतील का?" महानंदाने विचारलं.

"दोन भोकं पाडून रक्त काढते. तासभर आधी आला असता तर मी हो म्हटलं असतं. आता प्रयत्न करते म्हणते."

त्या तासाभरात अज्जांचं अंगण बसत होतं. ते त्या बाईंना माहीत नव्हतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मामांचे पांढरे बारीक केस काढून टाकले आणि त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर मामी भिंतीला टेकून बसल्या, महानंदा त्यांच्याजवळ, मी दुसऱ्या टोकाला. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. बालाजी इडल्या घेऊन आला. कुणी खाल्ल्या नाहीत. मी खाल्ल्या. मला भीती वाटली की भूक लागते, ही माझी लहानपणापासूनची खोड, आणि इतक्या वाईट वेळी ती उघडी पडावी याची लाज वाटत असतानाच मी चार इडल्या संपवल्या. मग मागच्या मोरीवर जाऊन सगळ्या ओकल्या. तिथे टेकून उभा असताना ठरवलं की मामा गेले तर मी महानंदाला दुबलगुंडीला आईकडे सोडून कुठेतरी निघून जाईन. कुठे, ते सुचेना. माझी अक्कल हैदराबादच्या पुढे गेली नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "दाबच इतका होता की भोक पडल्याबरोबर उसळून आलं. इंजिनातलं जुनं ऑइल असतं ना, तसं काळपट. मेंदू हळूहळू फुलून जाग्यावर यायला लागलाय. आज काही बोलू नका कुणी त्यांच्याशी." मामी उठून त्यांच्या पाया पडायला गेल्या तर त्या बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "अम्मा, उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला एकेक करून आत सोडलं. पागोट्याएवढं बँडेज, त्यातून एक नळी बाटलीत गेलेली. मी पायथ्याशी उभा राहिलो. मामांनी डोळे उघडले. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. मी आधी तेच बघितलं. त्यांनी नजर माझ्याकडे वळवली. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "सांगितलात जणू."

"व्हय मामा."

"मग? मेलो का मी?" आणि चादरीवर ठेवलेला डावा हात त्यांनी हळूहळू, थरथरत, बोटभर उचलून दाखवला. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बालाजीला वाटलं मामा गेले. बिचारा धावतच आत गेला.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही बिदरला परतलो. तोवर मामा काठी टेकत अंगणात फिरायला लागले होते आणि आपल्या डोक्यातल्या भोकांचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, झोक्याचंही. गावाला हसायला विषय मिळाला आणि सहा महिन्यांत तो जुनाही झाला. महानंदा मात्र माझ्याशी कामापुरतं बोलत होती. चहा ठेवलाय. डबा भरलाय. पाणी तापलंय. ओरडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. खोलीत पाय ठेवला त्या संध्याकाळी ती दारात बसून तांदूळ निवडत होती आणि मी काही सुचेना म्हणून उगाच केरसुणी घेऊन झाडलेलीच जागा झाडत होतो. ती सुपातून मान वर न करता म्हणाली,

"आप्पा गेले असते तरी मी नांदलेच असते तुमच्यासंगं. जाणार कुठं? लेकरं झाली असती, सणवार झाले असते. लोक म्हणले असते, बघा कसं गोडीनं ऱ्हायलेत. पर तुमी 'काय न्हाई' म्हणलात की माज्या पोटात गोळा आला असता. जल्मभर." तिने एक खडा काढून बाहेर टाकला. "तवा आता एक करा. पाडलाव, फोडलाव, बुडवलाव, कायबी करून या. घरात आल्या आल्या आदी मला सांगा. मी वरडीन. लई वरडीन. पर सांगा."